पाठीनं चढणारे सर

सरांच्या गाडीत बसायचं तर आधी वजन सांगावं लागे.

"किती भरता?" असं ते दार उघडता उघडता विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत दाराच्या मुठीवरचा हात काढत नसत. पुरुष मंडळी चार-पाच किलो कमी सांगत. सर त्यांच्याकडे खालून वर एकदा बघत आणि मनातल्या मनात ते चार-पाच किलो परत मिळवत. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या शिवणकामाच्या मॅडमनी एकदा "तुम्हाला काय करायचंय माझ्या वजनाशी?" असं विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, "मला काय न्हाई करायचं. फुडच्या चाकांना करायचंय." मॅडम त्या दिवशी एसटीनं गेल्या आणि नंतरही एसटीनंच जात राहिल्या.

सरांची इलेक्ट्रिक गाडी छोटीशी, कुणाकडून तरी जुनी घेतलेली, करड्या रंगाची होती. तिची मोटर पुढच्या चाकांना जोडलेली. आता गाडी जोरात निघाली की सगळा भार मागं ढकलला जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर गरगर फिरतात. चढ असला तर जास्तच. म्हणून जड माणूस पुढं आणि हलका मागं, असा सरांचा साधा हिशेब. आमच्या भागात मात्र माणूस जितका मोठा तितका मागच्या सीटवर बसतो. सगळा गोंधळ तिथं होता.

पुण्याहून तपासणीला आलेले एक साहेब नसरापूर फाट्यावर उतरले होते. त्यांना आणायला सरांना पाठवलं, सोबतीला मी. साहेब भारदस्त होते. सवयीनं त्यांनी मागचं दार उघडलं.

"साहेब, फुडं या," सर म्हणाले.

"असू द्या. मी मागंच बरा."

"तुमी बरं असाल. गाडीला बरं न्हाई."

साहेब बसले ते बसलेच. मग सरांनी डिकीतली स्टेपनी काढून पुढच्या सीटच्या पायाशी ठेवली, त्यावर साहेबांच्या दोन बॅगा ठेवल्या आणि मला म्हणाले, "गणितवाले, तुमी पण फुडं." मी संस्थेत वर्कशॉप गणित शिकवायचो, त्यामुळे सरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. स्टेपनीवर पाय आणि बॅगांवर गुडघे ठेवून मी बसलो. संस्थेच्या फाटकाशी मुरमाचा उभा चढ आहे. तिथं पुढची चाकं घसरलीच. सरांनी गाडी थांबवली, मागं वळले आणि समाधानानं म्हणाले, "बगितलंत?"

तपासणी अहवालात शेवटी एक ओळ होती: कर्मचाऱ्यांच्या वर्तनात सुधारणेस वाव आहे.

सर मोटार मेकॅनिकच्या वर्गाचे निदेशक होते. गाव विंझर. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं कुणी मिळत नसल्यामुळे अध्यक्ष त्यांना दर वर्षी एक वर्षाची मुदतवाढ देत. डिझेल इंजिनं उघडण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. आणि मग साठीच्या आसपास हा माणूस इलेक्ट्रिक गाडीच्या प्रेमात पडला. तेही वाचणाऱ्या इंधनासाठी किंवा पर्यावरणासाठी नाही. त्यांना आवडायची ती सुरुवात. "इंजिनाला आधी दम भरावा लागतो. हिला न्हाई. पाय ठिवला की सगळा जोर तिथंच हजर. मग त्या जोराचं करायचं काय, ह्योच प्रश्न." जोर रस्त्यावर उतरवायचा कसा, हा त्यांचा उतारवयातला एकमेव विषय होता. मुलीच्या सासरी गेले तरी ते आधी अंगणातला मुरूम पायानं दाबून बघत.

पाय हलका असावा म्हणून त्यांनी पापडाची युक्ती काढली. अ‍ॅक्सिलरेटरवर भाजलेला पापड ठेवायचा आणि तो न मोडता गाडी हलवायची. त्यांच्या वर्गातली पोरं पहिल्या महिन्यात नुसता चुरा करत. काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, उन्हाळ्यात भरलेला पापडांचा डबा दिवाळीच्या आत संपायचा. काकू मला एकदा म्हणाल्या, "आमच्यात पापड खाल्ल्यानं संपत न्हाईत. तुडवून संपत्यात."

सरांनी गाडीत बदलही पुष्कळ केले होते. मोटर आणि चाकांच्या मधले गिअरचे दाते बदलले, त्यामुळे गाडी निघायची झटकन, पण ताशी साठच्या पुढं जायची नाही. सातारा रस्त्यावर मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वेडे होत. सर आरशात बघून म्हणत, "त्यास्नी पोचायची घाई. आपल्याला निघायची हुती, ती झाली." रुंद, चकचकीत टायर काढून त्यांनी अरुंद, खोल नक्षीचे टायर बसवले. कंपनीला बारा पानी पत्र पाठवलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं, ते त्यांनी वर्गात लावलं. खाली लिहिलं: बारा पानांना एक ओळ. जोर वाया कसा जातो, याचं उदाहरण.

डिफरन्शियल शिकवताना तर ते फार रंगात येत. दोन चाकांना जोर वाटून देणारा हा भाग. एक चाक चिखलात आणि दुसरं घट्ट जमिनीवर असलं, तर साधा डिफरन्शियल चिखलातल्या चाकालाच फिरवत बसतो. घट्ट उभं असलेलं चाक तसंच उभं राहतं. हे सांगून सर खिडकीतून समोरच्या कार्यालयाच्या इमारतीकडे बघत आणि म्हणत, "जो नुसता गरगर फिरतोय त्याला सगळं. ज्याची पकड हाय त्याला कायबी न्हाई. हे वर्कशॉपमधी दुरुस्त करता येतंय. बाकी ठिकाणी माझा इलाज न्हाई." पोरं हसत. कार्यालयात हे जसंच्या तसं पोचत असे, कारण पोचवणारे आमच्यातच होते.

विंझरला सरांचं घर टेकाडावर होतं. शेवटचा चढ कच्चा आणि इतका उभा, की सरपंचांचा ट्रॅक्टरही तिथं घुटमळायचा. सर खाली गाडी वळवत आणि चढ पाठीनं चढत, रिव्हर्समध्ये. गाडी उलटी केली की मोटरवाली चाकं चढाच्या खालच्या बाजूला येतात, सगळा भार त्यांच्यावर पडतो आणि ती जमीन धरतात. विज्ञान चोख होतं. पण दिसायचं असं, की एक गृहस्थ मान मागं वळवून, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून, गाडीचं तोंड गावाकडे ठेवून घराकडे निघालाय. गावानं आधी चेष्टा केली. मग पावसाळ्यात तीन जणांच्या गाड्या त्याच चढाला अडकल्या आणि तिघेही मुकाट्यानं पाठीनं चढू लागले. एका पाहुण्यानं मला विचारलं होतं, या वाडीत गाड्या उलट्या चालवायची काही प्रथा आहे का.

आता त्या शर्यतीचं सांगतो.

आमच्या अध्यक्षांचे चिरंजीव युवा नेते होते. वय चौतीस, आणि गेली दहा वर्षं 'भावी' होते. कसले भावी ते दर फलकावर बदलत असे. त्यांनी एक मोठी, काळी, बैलाएवढ्या खांद्यांची इलेक्ट्रिक गाडी घेतली, पुण्यातल्या कुणाकडून तिची मोटर आणखी जोरकस करून घेतली, आणि आपल्या वाढदिवसाला उत्रोलीजवळच्या बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत ठेवली. मैदान चढाचं. खाली सुरुवात, वर निशाण, निशाणाशेजारी मंडप.

भोरपासून नसरापूरपर्यंत फलक लागले. नावं आठ गाड्यांची आली. चिरंजीव स्वतः उतरणार म्हटल्यावर त्यातल्या सहा जणांना अचानक घरची कामं निघाली. उरले दोन. चिरंजीव आणि आमचे सर. सरांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की इथं नाव मागं घ्यायचं असतं.

ते सांगायचं माझ्यावर आलं. अध्यक्षांनी मला कार्यालयात बोलावलं. मी सात वर्षं कंत्राटावर होतो आणि मला कायम करण्याचा कागद तीन महिने त्यांच्या टेबलावर होता. त्या दिवशी तो ढिगाच्या सगळ्यात वर होता, आणि त्याच्यावर अध्यक्षांचा चष्मा ठेवलेला होता.

"तुमचं सरांशी बरं जमतं," अध्यक्ष म्हणाले.

"हो, साहेब."

"पोराचा वाढदिवस आहे. गाडी आणू द्या त्यांना, शोभा येते. पण जरा बेतानं." त्यांनी चष्मा उचलला, कागद थोडा सरळ केला आणि चष्मा परत ठेवला. "तुम्ही गणिताचे. तुम्हाला जास्त सांगायला नको."

मी वर्कशॉपमध्ये गेलो. सर गाडीखाली होते, फक्त पाय बाहेर. पायांशी बोलणं सोपं जातं. मी म्हणालो, "सर, परवा जरा मागं राहा. संस्थेच्या दृष्टीनं बरं पडेल. अनुदानाचं वगैरे चाललंय." अनुदानाचं काहीही चाललं नव्हतं.

पायांशेजारी एक पाना बाहेर सरकला. मग आतून आवाज आला, "संस्थेसाठी का?"

"हो, संस्थेसाठी."

"बरं. शर्यतीत फुडं जायचं न्हाई, येवढंच ना?"

"एवढंच."

"दिला शब्द."

वाढदिवशी सकाळी मैदानावर माणूस मावत नव्हता. मंडपात आजूबाजूचे सरपंच, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि हार. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून आयोजकांनी पहाटे टँकरनं अख्ख्या मैदानावर पाणी मारलं होतं. धूळ बसली आणि तिच्या जागी चिखल झाला. सरांनी सुरुवातीच्या रेषेवर अंगठ्यानं माती दाबली, बोटावर घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून नुसतं हसले. कडेला जुने बैलगाडेवाले फेटे बांधून बसले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यांस्नी हाकायचं कसं?" दुसरा म्हणाला, "हाकत न्हाईत. चार्ज करत्यात."

झेंडा पडला.

चिरंजीवांनी पाय थेट तळाला नेला. पुण्याच्या कारागिरानं चाकं घसरू न देणारी यंत्रणाच बंद करून ठेवली होती, म्हणजे जोर दिसावा. जोर दिसला. मागची दोन्ही रुंद चाकं जागच्या जागी फिरली, चिखलाचे दोन फवारे उडाले आणि खालच्या बाजूला उभं राहून घोषणा देणारे कार्यकर्ते कपाळापासून गुडघ्यापर्यंत रंगले. गाडी पुढं गेली नाही. खाली गेली, वीतभर.

सर सरळ निघाले, नाकासमोर, पाठीनं नाही. मला तेव्हाच कळलं. शब्द पाळायचा त्यांना दुसरा मार्गच नव्हता, कारण मुद्दाम चुकीचं चालवणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी फक्त चारचौघांसारखी गाडी चालवली. पाच-सहा गाड्यांच्या लांबीएवढं चढून पुढची चाकं घसरायला लागल्यावर त्यांनी हलकेच पाय काढला आणि थांबले. मग गाडी तशीच उताराला सोडून रेषेवर आणली.

शर्यतीत दोनच गाड्या, आणि दोन्ही खाली. निवेदकानं दोन वेळा माईकवर फुंकर मारली. बैलगाडेवाल्यांच्या बाजूनं हसू सुरू झालं आणि ते मंडपापर्यंत चढत गेलं. अध्यक्षांचा चेहरा मी खालून बघत होतो. त्यांच्या मागं त्यांचा कारकून सह्यांच्या कागदांचं फोल्डर घेऊन उभा होता. अध्यक्ष लग्नात, दशक्रियेत, कुठंही सह्या करत, त्यामुळे फोल्डर सदैव बरोबर. ते फोल्डर अध्यक्षांनी हातानं मागं सारलं.

तेवढ्यात सर गाडीतून उतरले आणि काळ्या गाडीकडे चालत गेले. चिरंजीवांनी काच खाली केली.

"काय सर, हसायला आलात का?"

"न्हाई. चाकातली हवा काढायला आलो."

आणि खरंच मागच्या दोन्ही चाकांशी उकिडवं बसून त्यांनी हवा सोडली, टायर जमिनीवर पसरून जास्त माती धरतील इतपत. मग गाडीतल्या पडद्यावर बोट फिरवून ती बंद ठेवलेली यंत्रणा चालू करायला लावली. मग मंडपाकडे बघून हाक दिली, "दोन वजनदार माणसं खाली पाठवा." मंडपात सगळेच स्वतःला वजनदार समजत होते, त्यामुळे थोडी चुरस झाली. शेवटी दोन सरपंच हारांसकट उतरले. या गाडीची मोटर मागं असल्यानं ते आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या सांगण्यावरून मागच्या सीटवर बसले. राहिला पाय. सरांनी जेवणाच्या मांडवातून एक भाजलेला पापड आणवला आणि चिरंजीवांच्या पांढऱ्या बुटाखाली, अ‍ॅक्सिलरेटरवर, नीट बसवला.

"ह्यो मोडायचा न्हाई," सर म्हणाले. "मोडला की परत पहिल्यापासनं."

आजवर चिरंजीवांना कुणी एवढ्या आदरानं एवढं अवघड काम सांगितलं नसावं. त्यांनी श्वास रोखला. गाडी हलली. इतकी हळू, की लोकांना आधी मंडपच खाली येतोय असं वाटलं. मग ती चिखल धरत, न घसरता, दोन सरपंचांसह वर चढली आणि निशाणापाशी पोचली. हलग्या वाजल्या. चिरंजीव उतरले तेव्हा त्यांच्या हातात अख्खा पापड होता, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच खरा आनंद बघितला. दहा वर्षांत त्यांना मिळालेली ती पहिली कमाईची गोष्ट असावी.

सर गाडीमागून चालत, चाकांकडे बघत वर आले होते, आणि त्यांच्यामागून मी. ते मंडपाच्या खांबाशी उभे राहून घाम पुसत होते. अध्यक्षांनी आनंदानं कारकुनाला खूण केली. माझा कागद वर होता. सही झाली. कारकुनानं माझ्याकडे बघून मान हलवली. मला एकदम उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटलं.

सत्कार सुरू झाला. चिरंजीव बोलायला उभे राहिले. आणि त्याच वेळी खालून सरांची छोटी करडी गाडी वर येऊ लागली, पाठीनं. मोठ्या रस्त्याला जायची वाट मंडपाच्या मागून होती, तिकडं ते निघाले होते. ना फवारा, ना आवाज. मान मागं वळवलेली, एक हात सीटच्या पाठीवर. काळ्या गाडीला जिथं दोन सरपंच, एक पापड आणि अर्धा तास लागला, तो चढ सर बोलता बोलता चढून आले, मंडपाशेजारी गाडी सरळ केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि विंझरच्या दिशेनं गेले. बैलगाडेवाले उभे राहिले होते. एकानं फेटा काढून हवेत उडवला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. चिरंजीवांच्या भाषणाचा आवाज त्यात मागं ऐकू येत होता, तेवढाच.

मार्चमध्ये सरांची मुदतवाढ आली नाही. अध्यक्ष म्हणाले, "ज्या माणसानं भर कार्यक्रमात पाहुण्यांकडं पाठ केली, त्याला संस्थेत ठेवायचं कसं?" निरोप समारंभ झाला. शाल दिली, नारळ दिला. मी आभार मानले, कारण कायम झालेल्यांनी आभार मानायचे अशी पद्धत आहे. सर भाषणात फक्त एवढंच म्हणाले, की वर्कशॉपच्या जॅकला तेल द्या, कुणी देत नाही.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याकडे गेलो नाही. वेल्ह्याच्या रस्त्यानं एसटीनं जायची वेळ आली तरी विंझर येताना मोबाईलमध्ये बघायचो. शेवटी एका रविवारी उतरलो. सरांनी रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं होतं. इलेक्ट्रिक रिक्षा आणि दुचाक्या दुरुस्तीला उभ्या होत्या. सर एका रिक्षाच्या मागच्या चाकाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वजन वाढलंय तुमचं."

मी कायम झाल्यापासून वाढलं होतं. बसायला त्यांनी एक डबा सरकवला. काकू चहा देऊन गेल्या. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मैदानाच्या खालून वाट होती. ओढ्याकडून. मी माझी दुचाकी तिकडूनच काढली."

"ठाऊक हाय. येताना आमी तिकडूनच आलो हुतो."

"मग वरून कशाला गेलात? गुपचूप गेला असता तर मुदतवाढ मिळाली असती."

"मिळाली असती," सर म्हणाले. नट आवळत होते, हात थांबला नाही. "लोक म्हणत हुते, ह्या गाडीला ह्यो चढ चढत न्हाई. ते खरं नव्हतं. खरं नव्हतं ते तसंच सोडून घरी कसं जायाचं? आणि शब्द मी शर्यतीपुरता दिल्ता. शर्यत संपली हुती."

"पण सत्कार तरी होऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी जायचं."

"दुसऱ्या दिवशी चिखल वाळला असता." त्यांनी दुसरा नट घेतला. "तसा थांबलो हुतो की मी. अध्यक्षांनी तुमचा कागद मांडीवर घेतला, सही केली, पेनाला टोपण लावलं. टोपण लावल्यालं बगितलं, मगच खाली जाऊन गाडी वळवली."

त्या कागदाबद्दल मी सरांना कधी एका शब्दानंही बोललो नव्हतो.

त्यांनी न बघता हात पुढं केला. मी डब्यावरून उठून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि पुढचा पाना त्या हातात दिला.